लेड झेपेलिन आणि जिन्यातला ठेका

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ गिटार शिकतो, त्याच्या लेखी लेड झेपेलिन हा इंग्लंडचा रॉक बँड म्हणजे देव. मैत्रीण म्हणते, कसले देव, अमेरिकेतल्या काळ्या ब्लूज गायकांची गाणी ढापून श्रीमंत झालेली टोळी. आणि विचारणाऱ्याला स्वतःला ती गाणी लांबण लावलेली आणि किंचाळी वाटतात. मग पन्नास वर्षांनंतरही एवढं कौतुक कशाचं, आणि 'प्रभाव, प्रभाव' म्हणतात तो नेमका दाखवायचा कुठे?

मी आधी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले, मग पुण्यातच तीसेक वर्षं रेकॉर्डिंग केलं. त्यामुळे प्रश्न वाचताना पहिली गोष्ट खटकली ती ही: भाऊ गिटारबद्दल बोलतोय, मैत्रीण शब्द आणि चालींबद्दल, तुम्ही गळ्याबद्दल. ड्रमबद्दल कोणीच बोलत नाही. माझ्या मते या बँडचं जे उरलंय, दुसऱ्यांच्या गाण्यांत जे आजही सापडतं, ते तिथे आहे. पण आधी चोरीचं प्रकरण उरकू, कारण त्यात मैत्रीण बरीचशी बरोबर आहे.

लेड झेपेलिन १९६८ मध्ये लंडनमध्ये जमली. गिटारवर जिमी पेज आणि बेसवर जॉन पॉल जोन्स हे मुरलेले स्टुडिओ वादक, रोज दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवून पोट भरणारे. गायक रॉबर्ट प्लांट आणि ड्रमर जॉन बॉनम ही मध्य इंग्लंडातल्या मिडलंड्सकडची विशीतली पोरं. पहिला अल्बम जानेवारी १९६९ मध्ये आला. त्यात विली डिक्सन या ब्लूज गीतकाराची दोन गाणी आहेत आणि दोन्हीवर त्याचं नाव रीतसर आहे. म्हणजे नाव द्यायचं असतं हे ठाऊक होतं. तरी त्याच रेकॉर्डवरच्या 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' या गाण्यावर फक्त पेजचं नाव. ते मुळात जेक होम्स या गायकाचं १९६७ चं गाणं, नावासकट! होम्सने २०१० मध्ये दावा लावला, तो तडजोडीने मिटला. दुसऱ्या अल्बमवरच्या 'होल लॉटा लव्ह'मध्ये डिक्सनच्याच, ब्लूज गायक मडी वॉटर्सने गायलेल्या गाण्याचे शब्द आले आणि डिक्सनचं नाव गाळलं गेलं. १९८५ मध्ये दावा, दोन वर्षांनी तडजोड. 'द लेमन साँग'मध्ये हाऊलिन वुल्फ या ब्लूज गायकाचं गाणं निघालं, तेही मिटवावं लागलं.

एक उदाहरण मात्र मी चोरीत धरत नाही. 'बेब, आयम गॉना लीव्ह यू' त्यांनी लोकगीतं गाणाऱ्या जोन बाएझच्या रेकॉर्डवर ऐकलं आणि पारंपरिक समजून तसं छापलं. ते अ‍ॅन ब्रेडन या बाईंचं गाणं होतं, हे पुढे उघड झालं आणि १९९० पासून त्यांचं नाव लागलं. हा गैरसमज खरा असू शकतो. आणि 'स्टेअरवे टू हेवन'वरचा खटला तर मला पहिल्यापासून पोकळ वाटत होता. 'स्पिरिट' या बँडच्या 'टॉरस' या वाद्यरचनेशी सुरुवातीचं साम्य आहे, नाही कशाला म्हणू? पण ते साम्य एका उतरत्या सुरावटीचं आहे, आणि ती उतरण म्हणजे सार्वजनिक जिना आहे, कोणीही उतरावं. लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने २०१६ मध्ये झेपेलिनच्या बाजूने कौल दिला, मध्ये अपिलात तो फिरला, आणि मार्च २०२० मध्ये पुन्हा कायम झाला.

आपल्याकडे याचा एक सोपा उपाय होता. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर राग असतो, ताल असतो आणि 'चाल' म्हणून ज्या चिजेवरून किंवा गाण्यावरून ते बेतलं तिचा मुखडा छापलेला असतो. आमच्या आजोबांकडच्या पिवळ्या पडलेल्या प्रतींमध्ये पानोपानी हेच. ठुमरीवरून घेतलं, दुसऱ्या पदावरून घेतलं, सगळं उघड. कोणी त्यांना चोर म्हटलं नाही, उलट मूळ चीज शोधत लोक गवयांकडे जात. झेपेलिनला ही एक ओळ छापायला जड गेलं, कारण तिकडे त्या ओळीला रॉयल्टी चिकटलेली होती. घेतलं याचा मला राग नाही. ब्लूज देवाणघेवाणीवरच चालतो. पण शिकागोतला म्हातारा डिक्सन हयात असताना त्याच्या वाट्याचा चेक आपल्या खिशात घालणं याला दुसरा शब्द नाही.

आता त्या ड्रमकडे.

१९७१ मध्ये आलेल्या चौथ्या अल्बमवर, ज्याच्या वेष्टनावर बँडचं नावसुद्धा नाही, शेवटचं गाणं आहे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. (यावर मूळ रेकॉर्ड करणाऱ्या जोडीतल्या मेम्फिस मिनीचं नाव आहे, हेही नोंदवून ठेवा, म्हणजे मनात आलं की जमत होतं.) मिसिसिपी नदीच्या १९२७ च्या पुरावरचं हे गाणं मिनी आणि तिचा नवरा कॅन्सस जो मकॉय यांनी १९२९ मध्ये रेकॉर्ड केलं. बांध फुटला तर मी राहू कुठे, एवढंच त्याचं म्हणणं. पानशेतचं पाणी घरात शिरलेलं ज्यांनी १९६१ मध्ये पाहिलं, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आमची आजी त्या १२ जुलैबद्दल बोलायची तेव्हा आवाज चढवत नसे, उलट सावकाश बोले. झेपेलिनचा ठेकाही असाच आहे. पूर म्हटल्यावर दुसऱ्या कोणी लय वाढवली असती. इथे ती जड आहे, मागे ओढून धरलेली आहे, आणि वर टेपचा वेग उतरवून गिटार आणि माउथ ऑर्गन आणखी चिखलात घातलेत.

हा ठेका हँपशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात रेकॉर्ड झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस गोरगरिबांना ठेवायला बांधलेली तीन मजली इमारत. दाराशी रोलिंग स्टोन्स या बँडचा गाडीतला फिरता स्टुडिओ उभा, केबल खिडकीतून आत. बॉनमचे ड्रम जिन्याखालच्या उंच दालनात मांडले, आणि इंजिनिअर अँडी जॉन्सने वरच्या जिन्याच्या वळणावरून दोन माईक खाली सोडले. दोनच. किकच्या (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमच्या) तोंडाशी माईक नाही, स्नेअरवर (काठीने वाजणाऱ्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर) नाही. ते दोन आवाज बिन्सन कंपनीच्या इको यंत्रातून आणि आवाजाचे चढउतार दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमधून काढले, झालं.

यात एवढं काय? त्या काळात स्टुडिओत ड्रमला छोट्या खोलीत कोंडत, चादरी-गाद्या लावत आणि माईक जवळ आणत. आवाज स्वच्छ येई आणि खोक्यासारखा येई. पेजचं म्हणणं उलट होतं: माईक लांब न्या, अंतरामुळे आवाजाला खोली येते. पुणेकराला हे कळायला स्टुडिओ लागत नाही. नदीपात्रात ढोल पथकाचा सराव ऐका आणि तेच पथक लक्ष्मी रस्त्यावर ऐका. ढोल तेच, पोरं तीच. रस्त्यावर दोन्ही बाजूच्या इमारती तो आवाज परत फेकतात, म्हणून तिथे छातीत बसतो. नदीपात्रात तो आकाशात जातो.

मलाही हे एकदा करून बघायची हौस आली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका मित्राच्या कसब्यातल्या वाड्याचा जिना आम्ही पक्का केला, कारण वाचलं होतं ना, 'जिना'! ड्रम चौकात मांडले, माईक जिन्यावरून सोडले. आवाज असा आला की गादीवर काठी मारतोय. लाकडी जिना, डोक्याला लागणारं छत, माती-विटांच्या जाड भिंती आणि वर उघडं आभाळ. सगळं आवाज गिळणारं किंवा सोडून देणारं. वर बिऱ्हाडकरूंच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. मग कोणीतरी म्हणालं, मंगल कार्यालय. पौष होता, मुहूर्त नव्हते, हॉल रिकामा. शहाबादी फरशी, उंच छत, नागड्या भिंती. वरच्या सज्जाच्या कठड्याला दोन माईक बांधले आणि पहिल्याच ठोक्याला रखवालदार बाहेरून आत आला, वरात आली का बघायला.

तरीही रेकॉर्डिंग ऐकलं तर फसलेलं. जागा जमली होती, वादक जमला नव्हता, आणि तो वादक मीच होतो. झांजा सगळीकडे पसरलेल्या, किक त्यांच्या खाली गाडलेली. त्या दिवशी मला बॉनम कळला. प्रत्येक ड्रमला वेगळा माईक असतो तेव्हा कमी-जास्त करणं इंजिनिअरचं काम. दोनच माईक लांबून टांगले की ते काम वादकाच्या अंगावर येतं. झांज हलकी, किक दमदार, स्नेअर एकाच वजनाची, हे सगळं हातापायानेच तोलायचं. नंतर दुरुस्ती नाही. बॉनम दांडगाई करायचा असा समज आहे. दांडगाई करणाऱ्याचा त्या दोन माईकमध्ये चिवडा झाला असता. माझा झालाच.

आणखी एक गैरसमज. एवढा भरदार आवाज म्हणजे ड्रम ढिले लावलेले असणार असं पोरं धरून चालतात. किक २६ इंचांची, मोठी होती, खरंय. पण तो कातडी चांगली ताणून आणि फारसं काही न दाबता वाजवायचा. ताणलेला, मोकळा ड्रम गुंजतो. ढिला, उशी कोंबलेला ड्रम धप् करून मरतो. तबल्याची शाई-वादी ज्यांनी कधी हाताळली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. उजव्या पायाचं कौतुक करायचं तर पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं, 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' ऐका. त्यातले तीन-तीनचे जलद किक एका पायाचे आहेत. दोन किक ड्रम असतील असं समजून कितीतरी जण फसले.

आता प्रभाव कुठे दाखवायचा, तर इथे. 'लेव्ही'चे पहिले काही ठोके गाणं सुरू होण्याआधी उघडे वाजतात, त्यामुळे ते कापून घेणं सोपं. बीस्टी बॉईज या न्यूयॉर्कच्या रॅप त्रिकुटाने १९८६ मध्ये पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं त्यावर बेतलं. नव्वदीत केबल टीव्हीवर 'एनिग्मा'चं 'रिटर्न टू इनोसन्स' ज्यांनी पाहिलं, त्यातला तो मोठा, संथ ठेका हाच. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी घरांत बॉनम शिरला होता, नाव न सांगता. ज्यांनी दुसऱ्यांची नावं गाळली त्यांच्याच ठेक्याचं असं व्हावं, यात मैत्रिणीला थोडा आनंद मिळेल. स्टुडिओत तर आजही ड्रमर येतो आणि 'जरा बॉनमसारखा आवाज द्या' म्हणतो. खोली दहा बाय बाराची, छत नऊ फुटांवर. मी काय देणार?

भावाला गिटारच हवी असेल तर त्याला 'कश्मीर'कडे न्या, १९७५ च्या 'फिजिकल ग्राफिटी'तलं. गाण्याचे शब्द प्लांटला मोरोक्कोच्या दक्षिणेतल्या एका लांबलचक रस्त्यावर सुचले. काश्मीर त्यांच्यापैकी कोणी पाहिलेलंही नव्हतं. ते सोडा. गिटारच्या तारा नेहमीप्रमाणे न लावता असा मेळ साधलाय की खालचा सूर तानपुऱ्यासारखा धरून राहतो. आणि गंमत तालात आहे. गिटारचा तुकडा तीन मात्रांचा, ड्रम चार मात्रांचे. बारा मात्रांत गिटारची चार आवर्तनं होतात, ड्रमची तीन, आणि मग दोघं समेवर भेटतात. हाताने चारचा ठेका धरा आणि तोंडाने गिटारचा तुकडा म्हणा. दुसऱ्या आवर्तनातच घसराल. बॉनमने इथे काहीच नक्षी केलेली नाही. तो भिंतीसारखा उभा आहे म्हणून गिटारचं सरकणं जाणवतं. तबलजीने ठेका सोडून सतत रेले वाजवले तर गायकाचं काय होईल, तेच इथे झालं असतं.

'ब्लॅक डॉग'मध्येही हेच. तो वाकडातिकडा तुकडा जोन्सचा. ड्रम त्याच्या मागे न धावता सरळ चालतात आणि तुकडाच फिरून जागेवर येतो. प्लांट एकटा गातो, मग सगळे एकदम आत येतात. आत येण्याआधी बॉनम काठ्या हलक्या आपटून मोजतो, ती टकटक रेकॉर्डवर तशीच राहिली आहे. आजचा कोणीही ती पुसून टाकेल.

भारताशी संबंध विचारलेला नाही, पण सांगतो. पहिल्या अल्बममधल्या 'ब्लॅक माउंटन साइड'मध्ये तबला आहे, विराम जसानी यांचा. त्यांचं नाव वेष्टनावर आहे. ज्या गिटारवादक बर्ट जान्शच्या बांधणीवरून ती रचना घेतली त्याचं नाही. आणि १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपलीच दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. टेप त्रेचाळीस वर्षं पडून राहिल्या. २०१५ मध्ये 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत त्या आल्या. मी फार अपेक्षेने ऐकल्या. 'फ्रेंड्स' बरं वाटतं, कारण मूळ गाण्यातच तंतुवाद्यांचा ओढा होता. 'फोर स्टिक्स' पाच आणि सहाच्या मोजणीत हेलकावणारं गाणं. मुंबईच्या रूपात ते तालमीच्या पहिल्या दिवशीचं वाटतं. आणखी एक आठवडा मिळता तर! पण पाहुणे घाईत असावेत.

तुमच्या तक्रारीवर येतो, कारण ती मला निम्मी मान्य आहे. मंचावरची झेपेलिन पुष्कळदा असह्य आहे. न्यूयॉर्कच्या १९७३ च्या मैफलींतून काढलेल्या अल्बममध्ये 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' जवळपास २७ मिनिटं चालतं. ख्यालाला तासभर बसणारा माणूस मी, मला वेळेचं वावडं नाही. पण ख्यालात बढत असते. इथे पेज व्हायोलिनचा गज गिटारवर घासतो आणि आपण घड्याळ बघतो. बॉनमचा एकट्याचा ड्रम सोलोही मैफलीत वीस मिनिटांवर जायचा. ड्रमर असून मी तो पूर्ण दोनदाच ऐकला आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पंक बँडमधल्या पोरांनी तीन मिनिटांची, तीन कॉर्डची गाणी घेऊन या सगळ्याची टर उडवली, ती याच भागाची, आणि ठीकच केलं. शब्दांतही पऱ्या-जादूगारांची आणि 'बेबी बेबी'ची खिचडी आहे. मंचामागचं वर्तन, विशेषतः मुलींच्या बाबतीतलं, वाचवत नाही. त्याला 'तो काळच तसा' म्हणून सूट देणारे मला आवडत नाहीत.

प्लांटच्या गळ्याबद्दल मात्र थोडं थांबा. तो किंचाळतो हे पहिल्या दोन अल्बमबाबत खरं. तिसरा, १९७० चा, निम्मा बिनविजेच्या गिटारींवर आहे. वेल्समधल्या वीज नसलेल्या झोपडीवजा घरात त्यातली बरीच गाणी सुचली. तेव्हा समीक्षकांनी त्याला नाकं मुरडली. आधी म्हणत होते नुसता गोंगाट करतात, गोंगाट थांबवला तर म्हणाले दुसऱ्यांची नक्कल करतात. चौथ्यावर नाव न छापण्यामागे हाच राग होता. नाव नसलेल्या त्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत दोन कोटींहून जास्त प्रती गेल्या.

बॉनम २५ सप्टेंबर १९८० ला गेला, दारूने. वय ३२. डिसेंबरात उरलेल्या तिघांनी बँड बंद केल्याचं जाहीर केलं. दुसरा ड्रमर घेऊन दौरे करत राहिले असते तर पैसा अफाट होता. १९८५ च्या लाइव्ह एड या मोठ्या मैफलीत उसन्या ड्रमरांबरोबर उभे राहिले आणि ते वाजवणं इतकं विस्कळीत झालं की पुढे त्याचं चित्रीकरण अधिकृत संचात घेऊ दिलं नाही. डिसेंबर २००७ मध्ये लंडनला एकच मैफल नीट जमली. ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन होता. भावाला हे जरूर सांगा. गिटारवाला तोच, गायक तोच, बेस तोच, आणि तरी १९८५ ला ती लेड झेपेलिन नव्हती.

ऐकायचं असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात खोलीच येत नाही, आणि या बँडचं निम्मं काम खोलीचं आहे. बरे हेडफोन घ्या. मंचावरच्या रेकॉर्डिंगना हात लावू नका. तिसऱ्या अल्बमपासून सुरू करा, त्यातलं 'सिन्स आयव्ह बीन लव्हिंग यू' हे संथ गाणं रात्री, पंखा बंद करून. सुरुवातीलाच ड्रमच्या मागे बारीक कुईकुई ऐकू येईल, उंदीर असावा तशी. ते बॉनमच्या किकचं पेडल आहे. तेल घालायला कोणाला सुचलं नाही, आणि नंतर ते काढता येण्यासारखं नव्हतं.